फौज दुसऱ्याची, खर्च आपला

२०१४ च्या सप्टेंबरात नॉर्वेमध्ये नाटोचा, म्हणजे अमेरिका आणि युरोपीय देशांच्या लष्करी युतीचा, युद्धसराव झाला. त्यात उतरलेल्या एका जर्मन बटालियनकडे चिलखती गाड्या होत्या, पण त्यांच्यावर बसवायला पुरेशा मशीनगन नव्हत्या. शिपायांनी झाडूचे दांडे आणले, त्यांना काळा रंग दिला आणि नळीच्या जागी ते बांधून सराव पुरा केला. ही बटालियन नाटोच्या शीघ्र प्रतिसाद दलातली होती, म्हणजे संकट आलं तर सगळ्यांत आधी धाडायची. रशियाने क्रिमिया गिळंकृत करून तेव्हा सहा महिने झाले होते. आणि हे लष्कर युरोपातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेचं होतं.

अमेरिकेच्या मित्रराष्ट्रांनी आपापल्या संरक्षणावर जास्त खर्च करावा की नाही, या वादात माझं उत्तर त्या दांड्यांपासून सुरू होतं. करावा, नक्की करावा, आणि खरं तर तो कधीच सुरू व्हायला हवा होता. पण आज हा खर्च ज्या भाषेत मागितला जातोय आणि ज्या घाईने होतोय, त्यात मला मोठा धोका दिसतो. सगळी चर्चा ‘किती टक्के’ याच प्रश्नावर अडकली आहे. पैसे मोजल्यावर हातात काय येतं आणि ते कुणाच्या परवानगीने चालतं, हे फार कमी लोक विचारतात. महाराष्ट्रातल्या माणसाला, त्यातही वऱ्हाडातल्या माणसाला, हा दुसरा प्रश्न आधी सुचायला हवा. का, ते पुढे सांगतो.

आधी अमेरिकेची बाजू: मित्रराष्ट्रं आपल्या वाट्याचा भार उचलत नाहीत. ती खरी आहे, आणि ती काही डोनाल्ड ट्रम्प यांनी शोधून काढलेली नाही. १९७१ मध्ये सिनेटर माइक मॅन्सफील्ड यांनी युरोपातलं अमेरिकी सैन्य निम्मं करण्याची दुरुस्ती मांडली होती; ती ६१ विरुद्ध ३६ मतांनी पडली. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, मॅन्कर ओल्सन आणि रिचर्ड झेकहाउझर या अर्थशास्त्रज्ञांनी युतीचं गणित मांडलं होतं: सुरक्षा सगळ्यांना सारखीच मिळणार असेल, तर सर्वांत मोठा सदस्य आपल्या वाट्यापेक्षा जास्त भार उचलतो आणि लहान सदस्य हात आखडता घेतात. २०११ च्या जूनमध्ये संरक्षणमंत्रीपद सोडता सोडता रॉबर्ट गेट्स ब्रुसेल्समध्ये हेच सांगून आले. त्याच वर्षी लिबियावरच्या हवाई मोहिमेत काही आठवड्यांतच युरोपीय देशांकडचा अचूक माऱ्याच्या बॉम्बचा साठा आटू लागला आणि अमेरिकेला पुरवठा करावा लागला. ज्या शत्रूकडे धड हवाई दल नव्हतं त्याच्याविरुद्ध ही अवस्था.

२०१४ मध्ये वेल्सच्या परिषदेत ठरलं की दहा वर्षांत प्रत्येकाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांपर्यंत पोचायचं. त्या वर्षी तिथे पोचलेले देश होते तीन: अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस. २०२४ पर्यंत ते वीसच्या वर गेले. ते दशकभराच्या विनवण्यांनी फारसं घडलं नाही. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे युक्रेनवर पडलेल्या क्षेपणास्त्रांनी घडवलं. मग २०२५ च्या जूनमध्ये हेगला आकडा थेट ५ टक्क्यांवर नेला गेला: साडेतीन टक्के प्रत्यक्ष लष्करावर, दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा अशा पूरक गोष्टींवर, आणि मुदत २०३५. स्पेनच्या पेद्रो सांचेझ यांनी हा आकडा आपल्याला मान्य नाही असं स्पष्ट सांगितलं. त्यांच्यावर बरीच टीका झाली. पण न पाळण्याच्या तयारीने सही करणाऱ्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

इथपर्यंत मी अमेरिकेच्या बाजूने आहे. माझं बिनसतं ते पुढे.

२०२४ च्या फेब्रुवारीत दक्षिण कॅरोलिनातल्या सभेत ट्रम्प म्हणाले की जे देश पैसे ‘भरत’ नाहीत त्यांच्याशी रशियाने हवं ते करावं, आपण उलट त्याला उत्तेजन देऊ. हा ‘भरणे’ शब्द चुकीचा आहे, आणि जगभरच्या बातम्यांतून तो इतका फिरला की आपल्याकडेही लोकांना वाटतं, नाटो म्हणजे सोसायटी आणि जर्मनीने मेंटेनन्स थकवलाय. अशी थकबाकी अस्तित्वातच नाही. नाटोचा सामाईक खर्च असतो, पण तो एकूण संरक्षण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे, आणि त्यात अमेरिका व जर्मनी यांचा वाटा जवळपास सारखा, २०२४-२५ मध्ये सुमारे १६ टक्के प्रत्येकी होता. २ टक्के काय किंवा ५ टक्के काय, तो पैसा प्रत्येक देशाने आपल्याच सैन्यावर खर्च करायचा आहे. तो अमेरिकेला देणं लागत नाही. हा फरक पुसला गेला की युती संपते आणि खंडणी सुरू होते.

शिवाय हिशेबच मांडायचा तर पूर्ण मांडावा. नाटोच्या कराराचं पाचवं कलम, एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, आजवर एकदाच लागू झालं आहे: १२ सप्टेंबर २००१ ला, अमेरिकेसाठी. त्यानंतर डेन्मार्कने अफगाणिस्तानात सैनिक पाठवले, तेही हेलमंडसारख्या सर्वांत धुमसत्या भागात. चाळीसहून अधिक डॅनिश सैनिक मेले. साठ लाखांच्या आतल्या देशासाठी हा आकडा किती जड असतो, हे एकाच तालुक्यातल्या दोन-तीन गावांत तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या आलेल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगावं लागणार नाही. त्याच डेन्मार्कच्या ग्रीनलँडसाठी लष्करी बळ वापरणार नाही, एवढं आश्वासन द्यायलाही ट्रम्प यांनी २०२५ च्या जानेवारीत नकार दिला. इराक आणि अफगाणिस्तानात जखमी झालेले अमेरिकी जवान उपचारांसाठी आधी आणले जात ते जर्मनीतल्या लांडस्टूलच्या लष्करी रुग्णालयात, जवळच्याच रामस्टाइन तळावर विमानं उतरवून. हे तळ जर्मनीच्या रक्षणासाठी आहेत तितकेच अमेरिकेच्या जगभरच्या कामासाठीही आहेत. या गोष्टी कुठल्याच टक्क्यात धरल्या जात नाहीत.

आता वऱ्हाडाकडे येतो.

तैनाती फौज म्हटलं की आपल्याला वसईचा तह आठवतो: ३१ डिसेंबर १८०२, दुसरा बाजीराव, कंपनीचं सहा हजार पायदळ आणि त्याच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख. शाळेत हे सगळ्यांनी घोकलंय. पण युतीच्या खर्चाचा प्रश्न समजून घ्यायला मला निजामाची गोष्ट जास्त उपयोगाची वाटते, कारण ती सावकाश घडली. निजामाने तैनाती फौज घेतली आणि १८०० मध्ये तिच्या खर्चासाठी बळ्ळारी, कडप्पा वगैरे जिल्हे कंपनीला तोडून दिले. तेवढ्यावर भागलं नाही. पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ म्हणून आणखी एक सैन्य उभं राहिलं. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. खजिना रिकामा झाला, पगार तुंबला, कंपनीने तो स्वतः चुकता केला आणि निजामाच्या नावावर कर्ज म्हणून लिहिला. १८५३ मध्ये डलहौसीच्या काळात त्या कर्जापोटी आणि पुढच्या पगारापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेलं, नळदुर्ग आणि रायचूर दोआबासकट. ती दोन पुढे परत मिळाली. कपाशीचं वऱ्हाड मिळालं नाही. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांच्या ठोक रकमेवर ते कायमच्या पट्ट्याने देण्यावर शिक्का बसला. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा हे जिल्हे एका सैन्याच्या पगारात गेले.

आणि त्या सैन्याने केलं काय? १८५८ मध्ये सर ह्यू रोझ मध्य भारतातून झाशीवर चालून गेला, तेव्हा त्याच्या फौजेत हैदराबाद कंटिन्जंट होतं. निजामाचं राणी लक्ष्मीबाईंशी काहीही वैर नव्हतं.

युरोपातले देश म्हणजे निजाम, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटेपणाचं होईल. पोलंड, लिथुआनिया, एस्टोनिया यांना कुणी जबरदस्तीने नाटोत घेतलं नाही. मॉस्कोखाली दिवस काढलेले हे देश स्वतः दार ठोठावत आले. फिनलंड आणि स्वीडन तर २०२३-२४ मध्ये आले. आणि निजामाला जे कधीच जमलं नसतं ते फ्रान्सला जमलं: १९६६ मध्ये शार्ल द गॉल यांनी अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवरून जायला सांगितलं आणि ते गेलं. नाटोचं मुख्यालयही पॅरिसहून ब्रुसेल्सला हललं. पण द गॉल हे म्हणू शकले ते कशाच्या जोरावर, हेही पाहावं. फ्रान्सकडे स्वतःचा अणुबॉम्ब होता, स्वतःची विमानं, स्वतःचे कारखाने होते. ज्याच्या घरात हे असतं तो युतीत राहूनही मान ताठ ठेवू शकतो. ज्याच्या घरात नसतं त्याला दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावं लागतं.

ते पाणी कसं लागतं, हे दक्षिण कोरियाला विचारा. १९९१ पासून हा देश अमेरिकी सैन्याच्या तळांचा काही खर्च दर कराराने उचलतो. प्यॉन्गटॅकचा कॅम्प हम्फ्रीज हा प्रचंड तळ उभारायला आलेल्या खर्चाचा सुमारे ९० टक्के भार कोरियाने सोसला. शिवाय उत्पन्नाच्या प्रमाणात त्याचा स्वतःचा संरक्षण खर्च बहुतेक युरोपीय देशांहून जास्त. आदर्श मित्र म्हणावा असा. तरी २०१९ मध्ये त्याच्याकडे मागणी आली सुमारे ५ अब्ज डॉलरची, म्हणजे तो देत होता त्याच्या जवळजवळ पाचपट. वाटाघाटी फिसकटल्या आणि १ एप्रिल २०२० ला तळांवर काम करणाऱ्या सुमारे चार हजार कोरियन कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं गेलं. ऐन कोरोनाच्या दिवसांत. स्वयंपाकी, लिपिक, दुरुस्ती कामगार, ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. शेवटी कोरियन सरकारनेच त्यांच्या पगाराची सोय केली. रखवालीचं भाडं कितीही नियमित भरा, ते वाढवून मागायचा हक्क घरमालकाकडेच राहतो.

दुसरा धडा २०२५ च्या मार्चमधला. अमेरिकेने युक्रेनला गुप्त माहिती देणं काही दिवस थांबवलं. शस्त्रं युक्रेनच्या हातात होती, चालवणारे हात युक्रेनचे होते, पण लांबचं लक्ष्य दाखवणारा डोळा वॉशिंग्टनचा होता आणि तो मिटला. युरोपातल्या प्रत्येक राजधानीत त्या आठवड्यात झोप उडाली असेल. कारण २०२० ते २०२४ या काळात नाटोतल्या युरोपीय देशांनी आयात केलेल्या शस्त्रांपैकी ६४ टक्के अमेरिकेची होती, असं स्टॉकहोमची सिप्री ही संस्था सांगते. नवी विमानं घ्या, त्यांचे सुटे भाग, सॉफ्टवेअर, क्षेपणास्त्रं सगळं एकाच दारातून येणार. ब्रिटनच्या अणुपाणबुड्यांतली ट्रायडंट क्षेपणास्त्रंसुद्धा अमेरिकेशी सामाईक साठ्यातून येतात. ५ टक्क्यांतला मोठा वाटा याच वाटेने जाणार असेल, तर तो पैसा खर्च होईल पण परावलंबन घटणार नाही.

याच सिप्रीच्या हिशेबाने २०२४ मध्ये नाटोतल्या युरोपीय देशांनी मिळून सुमारे ४५४ अब्ज डॉलर संरक्षणावर खर्च केले. रशियाने सुमारे १४९ अब्ज. रशियात पगार आणि पोलाद स्वस्त, त्यामुळे तिथला डॉलर जास्त काम करतो हे खरं. तरी अंतर केवढं आहे! आणि याच युरोपने २०२३ च्या मार्चमध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे द्यायचं वचन दिलं, आणि मुदत संपली तेव्हा हाती जेमतेम निम्मे होते. पैशाची अडचण नव्हती. कारखाने नव्हते, स्फोटकं नव्हती, कामगार नव्हते.

हे मला कळतं, कारण मी वरणगावच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत वाढलो. वडील काडतुसांच्या विभागात होते. पितळेची लहानशी वाटी प्रेसमध्ये ओढत ओढत लांब नळी कशी होते, हे ते जेवताना स्टीलचा पेला हातात धरून दाखवायचे. एका ओढीत ती लांबवता येत नाही, फाटते. ओढायची, भट्टीत तापवून मऊ करायची, धुवायची, पुन्हा ओढायची. भट्टी थोडी कमी तापली तर चीर जाते, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही, बंदुकीत दिसते. जुना माणूस प्रेसच्या आवाजावरून ओळखायचा की डाय, म्हणजे आतला साचा, झिजलीय. ‘मशीन पैसे टाकले की येतं, हा कान यायला दोन वर्षं लागतात,’ असं ते म्हणायचे. १९७१ च्या हिवाळ्यातल्या ओव्हरटाइमच्या गोष्टी वसाहतीत आम्ही मोठे होईपर्यंत सांगितल्या जायच्या. भोंगा झाला की गेटमधून आत जाणारी सायकलींची ती रांग तेव्हा होती, म्हणून तो ओव्हरटाइम होऊ शकला.

युरोपने १९९० नंतर नेमकी ही रांग मोडली. शीतयुद्ध संपलं, दारूगोळ्याचे कारखाने बंद झाले किंवा एका पाळीवर आले, कान असलेली माणसं निवृत्त झाली. वाचलेला पैसा पेन्शन, शाळा, दवाखान्यांवर गेला आणि त्याबद्दल मी त्या समाजांना दोष देणार नाही. पैसा त्याहून चांगल्या कामी कुठे लागतो? चूक एवढीच की ही बचत अमेरिकेच्या भरवशावर होती, हे आपल्याच मतदारांना कुणी सांगितलं नाही.

आता तरी सांगायला हवं. या बाबतीत डेन्मार्कने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. तिथे वसंतात ‘मोठा प्रार्थनादिन’ नावाची सुट्टी असायची, १६८६ पासूनची. आदल्या संध्याकाळी लोक बेकरीतून वेलदोड्याच्या वासाचे गव्हाचे पाव आणायचे, ते भाजून लोण्याबरोबर गरम गरम खायचे. २०२३ मध्ये सरकारने ही सुट्टीच रद्द केली: एक दिवस जास्त काम करा, त्यातून येणारा कर संरक्षणाला लागेल. लोक चिडले, कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या, चर्चने निषेध केला. त्यांचा राग मला समजतो, आणि कामगाराच्या सुट्टीला हात लावण्याआधी मोठ्या मिळकतींकडे बघायला हवं होतं, हेही माझं मत आहे. पण निदान तिथल्या प्रत्येक घराला कळलं की सुरक्षेला किंमत असते आणि ती आपल्याच ताटातून जाते. इटलीत मात्र सिसिलीला मुख्य भूमीशी जोडणारा मेसिनाचा पूल संरक्षण खर्चात दाखवता येईल का, याची चर्चा २०२५ मध्ये चालली होती. त्या पुलाने एकही तोफगोळा वाढत नाही. आणि ब्रिटनने काय केलं? संरक्षण २०२७ पर्यंत अडीच टक्क्यांवर न्यायचं म्हणून परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणायचं ठरवलं. म्हणजे रशियाच्या भीतीचं बिल आफ्रिकेतल्या लसीकरण केंद्रावर फाडलं. ज्यांना नाटोचं नावही ठाऊक नाही त्यांनी ते का भरावं, याचं उत्तर मला लंडनमधून कुणी दिलेलं ऐकू आलं नाही.

शस्त्रं वाढली की युद्ध जवळ येतं, हा आक्षेप माझ्या अनेक मित्रांचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. जर्मनीचं पुनःशस्त्रीकरण हे शब्द ऐकून इतिहास वाचलेल्या कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण युक्रेनने १९९४ च्या बुडापेस्ट करारात आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडली आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटन यांच्याकडून सीमांच्या आदराचं वचन घेतलं. त्या वचनाचं पुढे काय झालं ते आपल्यासमोर आहे. शेजारी देशांसोबत एकत्र कारखाने, एकच प्रकारचा तोफगोळा, एकमेकांच्या हुकमाखाली काम करणाऱ्या तुकड्या, अशा पद्धतीने जर्मनी सशस्त्र झाला तर त्याची भीती कमीच होते. एकटा झाला तर वाढते. म्हणून युरोपने हा पैसा एकत्र खर्च करावा, आपल्या खंडात करावा, आणि अमेरिकेकडून जे घ्यावं लागेल ते घेताना ‘हे बंद पडलं तर आपण किती दिवस टिकू’ हा प्रश्न प्रत्येक करारावर लिहून ठेवावा. अमेरिकेशी मैत्री त्याने तुटत नाही. बरोबरीच्या माणसाशीच मैत्री टिकते, हे त्या देशातल्या शहाण्या लोकांनाही ठाऊक आहे.

नेदरलँड्सचं उदाहरण मी सतत मनात ठेवतो. २०११ मध्ये काटकसर म्हणून तिथल्या सरकारने उरलेली रणगाडा दलं बरखास्त केली. पुढे शंभर लेपर्ड रणगाडे फिनलंडला विकले. तेव्हाचे पंतप्रधान होते मार्क रुटे, जे आज नाटोचे सरचिटणीस म्हणून सर्वांकडे ५ टक्के मागत आहेत. आता डच सरकारने ४६ नवे रणगाडे मागवले आहेत. ते यायला वर्षं लागतील. मधल्या काळात रणगाडा चालवण्याची विद्याच देशातून नाहीशी होऊ नये म्हणून सुमारे शंभर डच सैनिक जर्मनीत लोहाइडच्या छावणीत एका जर्मन रणगाडा बटालियनमध्ये दाखल झाले. जर्मनांकडून भाड्याने घेतलेले अठरा रणगाडे, कमांडर जर्मन, आणि त्याच्या हाताखालच्या एका तुकडीत डच पोरं रोज सकाळी ती पोलादी झाकणं उघडून आत उतरतात.